बारा बोअरची निवड: विदर्भातल्या बंदुकीमागची पार्श्वभूमी

विदर्भात शॉटगन, म्हणजे बहुधा बारा बोअरची छर्ऱ्यांची बंदूक, घ्यायला निघालेल्या माणसाची गरज बहुधा दोनांपैकी एक असते. कुणाच्या वावरात रानडुकरं आणि रोही (नीलगाई) शिरतात, रात्र रात्र जागल करूनही तूर-हरभऱ्याची नासाडी थांबत नाही. कुणाला ट्रॅप किंवा स्कीट खेळायचं असतं, म्हणजे हवेत सुटलेली क्लेची चकती फोडायची असते. अलीकडे एकाच घरात दोन्ही गरजा दिसू लागल्या आहेत. वडलांकडे पीक संरक्षणाचा परवाना आणि मुलाला किंवा मुलीला नेमबाजीची ओढ. मग आजोबांची दुनळी कपाटातून बाहेर निघते आणि विचारणा होते, हिच्यातच दोन्ही भागेल का? नळी किती लांब असावी, चोक (नळीच्या तोंडाजवळचा आवळलेला भाग) कोणता, दस्ता कसा, ही चर्चा त्यानंतरची. आपल्याकडे कोणती बंदूक आहे, कोणती मिळू शकते आणि ती कशावर चालवता येते, या तिन्ही गोष्टी दीडशे वर्षांतल्या कायद्यांनी आधीच बऱ्याचशा ठरवून ठेवल्या आहेत.

1878 च्या शस्त्र कायद्यानं परवान्याशिवाय बंदूक बाळगणं गुन्हा ठरवलं. परवाने मिळाले ते मुख्यतः मालगुजार, देशमुख, मोठे पाटील अशा घरांना. त्या काळात आलेल्या बंदुका बहुतेक इंग्लंडच्या, त्यातही बर्मिंगहॅमच्या, शेजारी शेजारी दोन नळ्या असलेल्या. घोडे आत लपवलेली बॉक्सलॉक रचना 1875 मध्ये तिथंच निघाली आणि आजच्याही बहुतेक दुनळ्या तिच्यावर बेतलेल्या आहेत. भंडारा-गोंदियाकडच्या मालगुजारी तलावांवर बदकं, धुऱ्याच्या कडेनं तितर-बटेर, हाकारा करून ससा, असा तिचा उपयोग होता. तिचं वजन बेताचं, दिवसभर खांद्यावर घेऊन फिरता येईल असं. एका नळीला मोकळा चोक, दुसरीला घट्ट, कारण उठलेल्या पाखरावर पहिला बार जवळून पडायचा आणि दुसरा लांबून. दोन चाप असल्यामुळं कोणती नळी उडवायची ते ऐनवेळी ठरवता यायचं. ताडोब्यात 1935 मध्ये शिकारीला बंदी झाली, 1955 मध्ये तो राष्ट्रीय उद्यान झाला, पण बाहेरच्या रानात ही पद्धत पुढंही चालत राहिली.

ही जुनी बंदूक ज्यांच्या घरात आहे त्यांनी काडतूस भरण्याआधी एक काम करावं. बंदूक मोडून नळ्या वेगळ्या काढाव्यात आणि मागच्या टोकाला, खालच्या सपाट बाजूवर कोरलेले ठसे भिंगानं वाचावेत. तिथं नायट्रो प्रूफचा ठसा असेल तर ती नळी धूरविरहित दारूसाठी तपासलेली आहे. नसेल, आणि पृष्ठभागावर पट्ट्या पिळल्याची नक्षी दिसत असेल, तर ती दमास्कस नळी बहुधा काळ्या दारूच्या काळातली. तिच्यात आजचं काडतूस घालू नये. दुसरा ठसा चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसायच्या जागेच्या, लांबीचा. जुन्या इंग्रजी बंदुकांचे चेंबर बहुधा अडीच इंची, म्हणजे 65 मिलिमीटरचे असतात. आज मिळणारं 70 मिलिमीटरचं काडतूस त्यांच्यात बिनतक्रार बसतं, कारण न उडवलेल्या काडतुसाचं तोंड मिटलेलं असतं आणि ते मुळात आखूड असतं. बार उडाल्यावर ते तोंड उलगडतं, पुढच्या निमुळत्या भागात अडतं आणि नळीतला दाब वाढतो. बसलं म्हणजे चालतं, असा समज गावोगाव आहे आणि तो धोक्याचा आहे.

स्वातंत्र्यानंतर जुना कायदा जाऊन 1959 चा शस्त्र कायदा आला. तो 1 ऑक्टोबर 1962 पासून लागू झाला. विदर्भातल्या शेतकऱ्याच्या हातात कोणती बंदूक यावी याचा सगळा घोळ या कायद्याच्या कलम 13 मधल्या एका पोटकलमात आहे, आणि त्यावर व्हायला हवी तेवढी चर्चा कधी झालेली नाही.

त्या पोटकलमात परवाना देणाऱ्या अधिकाऱ्यावर बंधन घातलं आहे. नागरिकानं संरक्षणासाठी किंवा खेळासाठी, निदान वीस इंच नळीची, गुळगुळीत नळीची बंदूक, म्हणजे शॉटगन, मागितली तर परवाना द्यायचा आहे. पिकाच्या राखणीसाठी मागितली तर मात्र परवाना द्यायचा तो ठासणीच्या, म्हणजे तोंडाकडून दारू ठासून भरायच्या बंदुकीचा. पुढं एक परंतुक, म्हणजे अपवादाची तरतूद आहे. ठासणीची बंदूक पुरेशी नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली, तर तो दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक मंजूर करू शकतो. म्हणजे ठासणीच्या बंदुकीसाठी बंधन आणि काडतुसाच्या बंदुकीसाठी मर्जी. शहरातला माणूस संरक्षणासाठी अर्ज करतो तेव्हा कायदा बारा बोअरपासून सुरुवात करतो. रात्री वावरात बसणारा शेतकरी अर्ज करतो तेव्हा तोच कायदा एक शतक मागं जातो.

ठासणीची बंदूक, गडचिरोली-चंद्रपूरकडची भरमार, भरायची कशी ते एकदा बघावं. नळी उभी धरून मापानं दारू ओतायची, वर चिंधीचा किंवा काथ्याचा बोळा, गजानं ठासायचं, मग छर्रे, पुन्हा बोळा, पुन्हा गज, शेवटी मागच्या बोंडीवर टोपी बसवायची. सरावाच्या माणसालाही यात बराच वेळ जातो आणि हे सगळं अंधारात, बॅटरी तोंडात धरून करायचं असतं. बार एकच. तो हुकला किंवा डुक्कर जखमी होऊन अंगावर आलं तर दुसरा नाही. त्यात राखणीची खरी गरज पडते ती खरिपात, सोयाबीन भरत असताना, धान निसवत असताना, भर पावसात. काळी दारू ओल धरते आणि टोपी नुसतीच फुटते. ज्या हंगामात ही बंदूक हवी त्याच हंगामात ती दगा देते, हे कुठल्याही जागल्याला माहीत आहे.

कायदा करणाऱ्यांची बाजूही सांगायला हवी. ठासणीची बंदूक स्वस्त होती, गावच्या कारागिराला दुरुस्त करता येत होती आणि एकाच बाराची असल्यामुळं दंग्याधोप्यात कमी घातक मानली जात होती. त्या काळात लाखो लहान शेतकऱ्यांपर्यंत पोचणारं शस्त्र म्हणून तिची निवड झाली असेल तर ती समजण्यासारखी आहे. अडचण पुढं झाली. पूर्व विदर्भात नक्षल चळवळ वाढली तशी भरमार या शब्दालाच संशयाचा वास चिकटला. गडचिरोलीत गावकऱ्यांनी भरमार बंदुका पोलिसांकडे जमा केल्याच्या बातम्या येत राहिल्या. कायदा जी बंदूक शेतकऱ्याला हक्कानं देऊ करतो तीच बाळगणं अवघड झालं, आणि जी कामाची आहे ती अधिकाऱ्याच्या समाधानावर राहिली. आज पीक संरक्षणासाठी बारा बोअर मागणाऱ्यानं अर्जात हेच नेमकं मांडायला हवं: पीक कोणतं, जनावर कोणतं, जमीन जंगलापासून किती लांब, आणि ठासणीची बंदूक का पुरत नाही. परंतुकाचा आधार घेतल्याशिवाय केलेला अर्ज अर्धवटच म्हणायचा.

वीस इंचांच्या अटीचाही निवडीवर परिणाम झाला. त्यामुळं आखूड नळीची शॉटगन आपल्याकडे सामान्य परवान्यावर येतच नाही, आणि त्यात शेतकऱ्याचं काही अडतही नाही. मचाणावरून झाडायला लांब नळीच बरी.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं बंदुकीचं जुनं काम काढून घेतलं. सुरुवातीला काही प्राणी-पक्ष्यांच्या शिकारीचे परवाने कायद्यात शिल्लक होते. 1991 च्या दुरुस्तीनं तेही गेले. तितर, बटेर, ससा सगळेच संरक्षित. इंग्रजांकडे रफ शूटिंग म्हणतात ती, म्हणजे रानातून फिरत जे उठेल ते टिपायची हौस, आपल्याकडे तिथंच संपली. परदेशातल्या मासिकांत वाचून कुणी रानात फिरण्यासाठी हलकी वीस बोअर घ्यायच्या बेतात असेल तर त्यानं हे आधी समजून घ्यावं. त्या बंदुकीला इथं कायदेशीर काम उरलेलं नाही.

उरलं ते कलम 11. माणसाच्या जिवाला किंवा उभ्या पिकांसह मालमत्तेला धोका असेल तर ठरावीक अनुसूचीतल्या प्राण्याला मारण्याची लेखी परवानगी त्याखाली मिळू शकते. रानडुक्कर आणि रोही पूर्वी अनुसूची 3 मध्ये होते. 2022 च्या दुरुस्तीनंतर, म्हणजे एप्रिल 2023 पासून, ते अनुसूची 2 मध्ये आहेत. शस्त्राचा परवाना आणि मारण्याची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, वेगवेगळ्या खात्यांच्या. पीक संरक्षण असा शिक्का असलेला परवाना हाती आहे म्हणून डुकरावर बार टाकला तर तो वन्यजीव गुन्हाच ठरतो. परवानगी नसताना त्या बंदुकीचा उपयोग हवेत बार काढून कळप पांगवण्यापुरताच.

2015 मध्ये राज्यानं रोही आणि रानडुकरांच्या परवानगीची पद्धत सुटसुटीत करण्याचा प्रयत्न केला. 2016 च्या जूनमध्ये चंद्रपूर जिल्ह्यात मारलेल्या रानडुकरांवरून केंद्रातल्याच दोन मंत्र्यांत जाहीर वाद झाला. वर्तमानपत्रांनी तो मंत्र्यांचं भांडण म्हणून रंगवला. ज्याची चार एकरांची तूर एका रात्रीत आडवी झाली त्याचं म्हणणं त्यात फारसं आलं नाही.

या कामाला लागणारी बंदूक साधी आहे. डुकरावर बार टाकायचा तो एसजी किंवा एलजी या मोठ्या छर्ऱ्यांच्या काडतुसांचा. एसजीचा छर्रा सुमारे 8.4 मिलिमीटरचा, एलजीचा 9 च्या थोडा वर, आणि काडतुसात ते मोजकेच बसतात. तीस मीटरच्या पुढं ते इतके फाकतात की जनावर मरत नाही, जखमी होऊन पळतं. म्हणून अंतर कमी ठेवणं हेच खरं कौशल्य. दोन चापांची मजबूत दुनळी इथं आजही सगळ्यात विश्वासाची, आणि ती देशी असली तरी चालते.

देशी म्हणण्याचं कारण असं की 1980 च्या दशकाच्या मध्यात खासगी माणसाला परदेशी बंदूक आयात करणं बंद झालं. त्यानंतर बाजारात उरल्या सरकारी कारखान्याच्या बंदुका, मुंगेर आणि जम्मूकडच्या परवानाधारक छोट्या कारखान्यांचा माल आणि जुन्या विलायती बंदुकांची फेरविक्री. विलायतीच्या किमती चढल्या त्या तेव्हापासून. त्यातली बरीच किंमत नावाची असते, नळीच्या आजच्या अवस्थेची नसते. खरेदीआधी जाणत्या कारागिराकडून नळीची जाडी मोजून घ्यावी. आतून पॉलिश केलेली जुनी नळी चकाकते खरी, पण त्या पॉलिशमध्ये तिची भिंत पातळ झालेली असू शकते.

क्लेचा इतिहास वेगळ्याच वाटेनं आला. जिवंत कबुतरांवरची नेमबाजी मागं पडत गेली आणि 1880 च्या सुमारास अमेरिकेत मातीची चकती निघाली. आपल्याकडे हा खेळ संस्थानिकांच्या वर्तुळात रुजला. बिकानेरच्या महाराजांनी 1962 मध्ये कैरोच्या जागतिक स्पर्धेत ट्रॅपचं रौप्य मिळवलं, आणि 2004 मध्ये अथेन्सला डबल ट्रॅपमध्ये भारताला ऑलिम्पिक रौप्य मिळालं. त्यानंतर लहान शहरांतली मुलं इकडे वळू लागली. विदर्भातल्या मुलाला जवळचं म्हणावं असं शॉटगनचं प्रशिक्षण भोपाळला आहे.

ट्रॅपची चकती सुमारे 110 मिलिमीटर व्यासाची, 105 ग्रॅमची. ती ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगानं समोरून लांब जाते. काडतुसात शिशाचे बारीक छर्रे, तेही 24 ग्रॅमपर्यंतच. यासाठी जगभर वर-खाली नळ्यांची बंदूक चालते. डोळ्यासमोर एकच अरुंद रेघ येते, खालच्या नळीचा धक्का सरळ खांद्यात येतो आणि नळीचं तोंड कमी उसळतं, त्यामुळं दुसरा बार लवकर साधतो. ट्रॅपला चोक घट्ट, स्कीटला मोकळा. बंदूक साडेतीन किलोच्या पुढची, कारण वजन धक्का शोषतं. एका फेरीत 25 चकत्या, आणि ट्रॅपच्या पात्रता फेरीत एकेका चकतीवर दोन बार टाकायची मुभा. आजोबांच्या तीन किलोच्या दुनळीनं सकाळभर हे करून बघितलं तर दुपारपर्यंत खांदा काळानिळा होतो आणि जुन्या बिजागरीवर नको तेवढा ताण येतो. शिकाऊ मुलानं त्या बंदुकीनं सवयी लावून घेऊ नयेत.

बंदुकीची निवड आज एवढी महत्त्वाची झाली ती 2019 च्या दुरुस्तीमुळं. त्याआधी एका माणसाला तीन बंदुका ठेवता येत होत्या. डिसेंबर 2019 पासून दोनच. वारसानं आलेली बंदूकही त्या दोनांत मोजली जाते. परवान्याची मुदत मात्र तीनवरून पाच वर्षं झाली. नामवंत नेमबाजांना जास्त शस्त्रांची वेगळी सवलत आहे, पण सुरुवात करणाऱ्याला तिचा उपयोग नाही. 2016 च्या नियमांनुसार परवानाधारक सत्तर वर्षांचा झाल्यावर, किंवा त्यानं पंचवीस वर्षं बंदूक बाळगली असेल तर, ती हयातीतच वारसाच्या नावावर करता येते. ही तरतूद गावाकडे फार थोड्यांना माहीत आहे.

तेव्हा ज्या घरात शेतीही आहे आणि खेळही, तिथं माझ्या मते मांडणी अशी असावी. दुनळी वडलांच्या परवान्यावरच राहू द्यावी, तिच्यावर खर्च करावा तो नळी आणि बिजागरीच्या तपासणीपुरता. मुलाच्या किंवा मुलीच्या नावे खेळासाठी स्वतंत्र अर्ज करावा आणि त्यावर वर-खाली नळ्यांचीच बंदूक घ्यावी, उशिरा मिळाली तरी चालेल, तोवर क्लबची वापरावी. सामान्य परवान्यावरचा काडतुसांचा कोटा सरावाला पुरत नाही, म्हणून खेळाडू म्हणून नोंदणी आधी करून घ्यावी. आणि वडलांच्या अर्जात कलम 13 च्या परंतुकाचा उल्लेख नसेल तर पुढच्या नूतनीकरणाच्या वेळी तो करून घ्यावा.