“आज कुठे बसला आहात?” हे आम्ही दर वेळी का विचारतो

ऑनलाइन समुपदेशन घेणाऱ्या आमच्या क्लायंटसाठी

व्हिडिओ सुरू झाला की आमचे थेरपिस्ट आधी दोन गोष्टी विचारतात. आज कुठे बसला आहात? आसपास कुणी आहे का? पहिल्या सेशनला लोक मुकाट्याने उत्तर देतात, चौथ्याला वैतागतात. “पत्ता फॉर्मवर दिलाय की. सारखं सारखं काय विचारता?” हे इतक्यांदा ऐकलं की शेवटी लिहूनच काढलं.

एक कारण सरळ आहे. बोलता बोलता कुणाला चक्कर आली, श्वास लागला किंवा जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार निघाला, तर मदत कुठे पाठवायची हे आम्हाला त्या क्षणी ठाऊक हवं. फॉर्मवरचा पत्ता घराचा असतो आणि तुम्ही त्या दिवशी भलत्याच गावाला असता. तातडीच्या वेळी कळवायच्या माणसाचा नंबर घेतो तोही त्यासाठीच. एरवी त्या नंबरावर आम्ही कधीच फोन करत नाही.

दुसरं कारण मात्र रोजचं आहे. आमच्याकडे वाया गेलेल्या सेशनांपैकी बहुतेक जागेपायी वाया गेली, नेटपायी नाही.

होतं असं. क्लायंट बेडरूममध्ये बसलेत, दार लोटलेलं आहे, पलीकडे हॉलमध्ये घरचे आहेत. आम्ही विचारतो, आठवडा कसा गेला? “ठीक.” झोप? “बरी आहे.” ऑफिसात त्या साहेबांशी बोलणं झालं का? “हो, झालं तसं.” नजर एकसारखी दाराकडे. मध्येच आवाज बदलतो, “हो हो, ती फाइल मी उद्या बघते,” आणि आमच्या लक्षात येतं की कुणीतरी आत येऊन गेलं. गाडी परत रुळावर यायला दहा मिनिटं जातात. मग पंचेचाळीसाव्या मिनिटाला घरचे खाली उतरतात आणि क्लायंट म्हणतात, “खरं सांगू का?” सेशन पन्नास मिनिटांचं असतं. पुढचे क्लायंट तिकडे थांबलेले असतात.

यात कुणाची लबाडी नसते. ऐकणारं कुणी असलं की माणूस आपसूक जपून बोलतो. पण आमच्या कामाचा कच्चा मालच जपून न बोललेल्या गोष्टी हा आहे. आम्ही बहुतेक वेळा सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं यांवर काम करणारी पद्धत वापरतो. तिची मांडणी 1960च्या दशकात अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ एरन बेक यांनी केली. रुग्ण जे बोलतात त्याच्या खाली विचारांचा आणखी एक झरा वाहत असतो आणि तो ते बोलून दाखवत नाहीत, हे त्यांनी हेरलं होतं. “टेन्शन आहे” एवढ्यावर आम्हाला काही करता येत नाही. “रात्री साडेदहाला साहेबांचा मेसेज आला, न उघडताच छातीत धडधडलं, आता आपल्याला काढणार असं वाटलं, म्हणून मी सकाळपर्यंत तो उघडलाच नाही” यावर करता येतं. प्रसंग, विचार, शरीर, कृती अशा चारही गोष्टी त्यात आल्या. पण लोटलेल्या दाराआड असं वाक्य कोण बोलेल?

जागा शोधताना लोक चुकीच्या गोष्टीत अडकतात. मागची भिंत कशी दिसते याला आमच्या लेखी शून्य महत्त्व आहे. इयरफोन मात्र लावाच. मग ऐकणाऱ्याला संभाषणाची तुमचीच बाजू ऐकू जाते. ती ऐकू गेली तरी पंचाईत असेल, तर दाराबाहेर पंखा किंवा रेडिओ लावून ठेवा. शब्द पुसट व्हायला तेवढं पुरतं. फोन हातात धरू नका, कशाला तरी टेकवून डोळ्यांच्या उंचीवर ठेवा. पडद्यावर स्वतःचा चेहरा दिसत असेल तर तो लपवा. रडताना स्वतःकडे बघत बसणं कुणालाच मानवत नाही. उभ्या केलेल्या गाडीत बसून बोललात तरी आमची हरकत नाही, पण गाडी चालवताना नाही. तसं दिसलं तर आम्ही सेशन तिथेच थांबवतो. याचा काहींना राग येतो. येऊ द्या.

कुणी अचानक आत आलं तर काय, हे आम्ही पहिल्याच भेटीत ठरवून घेतो. एक साधं वाक्य पक्कं करायचं, उदाहरणार्थ “तो कागद नंतर पाठवते”. ते ऐकलं की थेरपिस्ट लगेच विषय बदलतात आणि तुम्ही सांगेपर्यंत मूळ विषयावर येत नाहीत. आणि धाक घरातल्याच कुणाचा असेल, मारहाण असेल, तर कृपा करून घरातून सेशन करू नका. सुरक्षित जागेवरून कळवा, पुढचं कसं करायचं ते आपण मिळून ठरवू.

एकांत मिळतच नसेल तर व्हिडिओ बंद ठेवून चालता चालता बोला, कुणाला फोनच वाटेल. टाइप करूनही सेशन घेतो, पण टाइप करताना गाडी हळू चालते आणि थेरपिस्टना तुमचा चेहरा व आवाज मिळत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

प्रश्नावलीही एकट्यानेच भरा. नैराश्य किती आहे हे बघायला नऊ प्रश्नांची जी आम्ही अधूनमधून पाठवतो, पीएचक्यू-9, तिच्यात गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारलेलं असतं आणि प्रत्येक उत्तराला 0 ते 3 गुण असतात. शेवटचा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. खांद्यावरून कुणी डोकावत असेल तर त्यापुढे 0 पडतोच. बेरीज 27 पैकी किती आली यापेक्षा ती मागच्या वेळेपेक्षा खाली आली की वर गेली, हे आम्ही बघतो.

“आमच्या मुलीने काय सांगितलं?” असे फोन येतात. सज्ञान क्लायंटबद्दल घरच्यांना आम्ही त्यांच्या परवानगीशिवाय काहीही सांगत नाही; जिवाला धोका असेल किंवा कायद्याने भागच पडत असेल तर तेवढा अपवाद. सेशन रेकॉर्ड करत नाही, तुम्हीही करू नका.

औषधं आम्ही लिहून देत नाही, ते मानसोपचारतज्ज्ञांचं काम. भास होत असतील, व्यसन सोडताना शरीर थरथरत असेल किंवा जीव द्यायचं मनात पक्कं होत असेल, तर पुढच्या सेशनची वाट बघू नका. तडक रुग्णालय गाठा किंवा तातडीच्या सेवेला फोन करा. आम्हाला आलेले मेसेज रात्री कुणी वाचत नाही.

पुढच्या सेशनच्या आदल्या दिवशी एक करून बघा. ठरलेल्या वेळेला ठरलेल्या जागी पाच मिनिटं नुसतं बसा आणि काय काय ऐकू येतं ते ऐका. तुम्हाला बाहेरचं स्पष्ट ऐकू आलं, तर बाहेरच्यांनाही तुमचं येणार. मग वेळ बदलून मागा. सकाळी साडेसहाच्या आणि रात्री साडेनऊच्या वेळा आम्ही खास यासाठीच ठेवल्या आहेत, आणि त्या लवकर भरतात.