एमसीएफ-७ पेशींवरची इस्ट्रोजेन चाचणी: फ्लास्क आणण्यापूर्वी वाचा

एमसीएफ-७ या स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी इस्ट्रोजेन मिळालं की वाढतात. अर्कात इस्ट्रोजेनसारखा गुण आहे का, हे आमची लॅब त्यांच्यावर तपासते. शतावरी, सोयाबीन, मेथीचे अर्क घेऊन मुंबईतली फार्मसी कॉलेजं आणि औषध कंपन्या आमच्याकडे येतात. अर्क बहुधा ठीक असतो. घोळ होतो तो सोबत आणलेल्या पेशींमुळे.

नेहमीच्या लाल मिडियममध्ये (पेशींच्या पोषक द्रवात) १० टक्के सीरमवर (प्राण्यांच्या रक्तातून काढलेल्या द्रवावर) वाढवलेल्या पेशी आणून ‘उद्याच प्लेट लावा’ असा आग्रह कृपया धरू नका. सीरममध्ये इस्ट्रोजेन असतंच. शिवाय लाल रंग देणाऱ्या फिनॉल रेडमधूनही इस्ट्रोजेनसारखा परिणाम होतो, हे १९८६ पासून माहीत आहे. अशा पेशी पोटभर जेवून आलेल्या असतात. कंट्रोल वेल (प्लेटवरचा अर्क न घातलेला खळगा) भरभरून वाढते, इस्ट्राडायॉल (म्हणजे अस्सल इस्ट्रोजेन) घातलेली वेलही तेवढीच, आणि अर्काचा परिणाम दिसायला वावच उरत नाही. सगळी प्लेट फुकट.

म्हणून आम्ही पेशी पीबीएसने (क्षारांच्या द्रावणाने) दोनदा धुऊन, फिनॉल रेड नसलेल्या मिडियमवर आणि कोळशाने हॉर्मोन काढलेल्या ५ टक्के सीरमवर तीन दिवस ठेवतो. नंतर ९६ वेलच्या प्लेटमध्ये अर्कासोबत सहा दिवस. ‘एमटीटी (जिवंत पेशी रंगावरून मोजायची चाचणी) तर २४ तासांत होते’ असं ऐकायला मिळतं. पण एका दिवसात या पेशी एकदाही धड दुप्पट होत नाहीत, मग फरक मोजणार कशात? पहिले तीन दिवस तुमच्याच लॅबमध्ये उरकलेत तर तेवढा वेळ वाचेल. त्यासाठीचं सीरम आमच्याकडे मिळतं. साध्या सीरमपेक्षा महाग आहे, पण प्रत्येक लॉट इस्ट्राडायॉलवर तपासूनच आम्ही देतो.

डोस किमान सहा हवेत, यावर आम्ही अडून बसतो. सोयाबीनमधलं जेनिस्टीन १ मायक्रोमोलरच्या आसपास पेशी वाढवतं, त्याच्या कित्येक पट डोसला वाढ रोखतं. फक्त मोठा डोस तपासून ‘गाठ रोखते’ असं लेबलवर छापणं रुग्णाच्या जिवाशी खेळणं आहे. तसं वाक्य आमच्या रिपोर्टात येणार नाही. अर्कासोबत फुल्वेस्ट्रंट (पेशीतला इस्ट्रोजेन पकडणारा रिसेप्टर बंद पाडणारं औषध) घातलेल्या वेल मात्र प्रत्येक प्लेटवर असतात, जादा पैसे न घेता. अर्काने झालेली वाढ त्याने थांबली, तर ती इस्ट्रोजेन रिसेप्टरमार्फतच होत होती हे कळतं.

अर्क कोरडा, काचेच्या बाटलीत द्या. डीएमएसओ या द्रावकात आम्ही विरघळवू, वेलमध्ये ते ०.१ टक्क्यावर जाता कामा नये. फ्लास्क मिडियमने गळ्यापर्यंत भरा, झाकण घट्ट लावा, थर्माकोलच्या डब्यात आणा. बर्फ नको. लोकलच्या गर्दीत फ्लास्क आडवा होतो, अर्धवट भरलेला असला तर मिडियम हिंदकळून पेशी सुटतात.