शिक्षामाफी (ग्रामीण विदर्भाच्या संदर्भात)

न्यायालयाने दिलेली शिक्षा कमी करणे, सौम्य करणे किंवा पूर्ण माफ करणे म्हणजे शिक्षामाफी. संविधानाच्या अनुच्छेद ७२ नुसार हा अधिकार राष्ट्रपतींना आणि १६१ नुसार राज्यपालांना आहे. दोघेही मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात. राज्य सरकारलाही शिक्षेत सूट देता येते. मात्र फाशीयोग्य गुन्ह्यात जन्मठेप झालेल्याने १४ वर्षे तुरुंगात काढल्याशिवाय अशी सूट देऊन त्याला सोडता येत नाही, असे बंधन १९७८ मध्ये कायद्यात आले. ‘जन्मठेप म्हणजे चौदा वर्षे’ हा समज त्यातूनच पक्का झाला. तो चुकीचा आहे. जन्मठेप मरेपर्यंतची असते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्येच सांगितले. चौदा वर्षांनी अर्जाचा विचार होतो, एवढेच.

विदर्भात शिक्षा की सुधारणा हा वाद निघाला की खैरलांजी आठवते. भंडारा जिल्ह्यातील या गावात २९ सप्टेंबर २००६ रोजी एका दलित कुटुंबातील चौघांची हत्या झाली. सत्र न्यायालयाने २००८ मध्ये सहा जणांना फाशी सुनावली. २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ती २५ वर्षांच्या सक्तमजुरीवर आणली. ही शिक्षामाफी नव्हे, न्यायालयानेच केलेला बदल होता. तरीही जातीय अत्याचारात शिक्षा सौम्य झाली की मागे राहिलेल्यांना काय वाटते, हे त्या प्रकरणाने दाखवले. त्यांचा राग सुडाचा म्हणून बाजूला सारणे अन्यायाचे ठरेल.

सुधारणेची बाजूही इथेच दिसते. अमरावती जिल्ह्यातील मोर्शीच्या खुल्या कारागृहात चांगल्या वर्तनाचे पक्के (शिक्षा झालेले) कैदी शेतीत राबतात. ज्याचे हात मातीत वाढले, त्याला माणसात परत आणण्याचा याहून सरळ मार्ग नाही. संचित रजा (फर्लो) आणि अभिवचन रजा (पॅरोल) यांमुळे घराशी धागा टिकतो. पण रजेच्या अर्जावर गावच्या ठाण्याचा अहवाल लागतो, जामीनदार लागतो. मोलमजुरी करणाऱ्याच्या घरच्यांना जामीनदार मिळवणेच अवघड जाते.

खेड्यात सुटून आलेला माणूस गर्दीत हरवत नाही. त्याच्या आणि पीडिताच्या घरच्या शेतांचा बांध एक असू शकतो, पाण्याची विहीरही. मुदतपूर्व सुटकेसाठी सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये पाच कसोट्या सांगितल्या. गुन्ह्याचा समाजावरील परिणाम आणि कैद्याच्या कुटुंबाची आर्थिक स्थिती त्यांत आहे. पीडिताच्या कुटुंबाची स्थिती नाही.