वायर, ब्लूटूथ आणि तीन काळ्या रेघा : मोबाइल हेडसेटची पार्श्वभूमी

वायरचा हेडसेट बरा की बिनवायरीचा, हा वाद आज आवाज, बॅटरी आणि किंमत या तीन मुद्द्यांवर रंगतो. तिन्ही मुद्दे खरे आहेत. पण वायर मागे का पडली, याचं उत्तर त्यांतून मिळत नाही. वायरचं खरं दुखणं फोनमध्ये शिरणाऱ्या पिनेत होतं. (वायर तुटतेही नेमकी पिनेच्या मानेशीच, हा भाग वेगळा.)

३.५ मिमीची पिन मोबाइलच्या कितीतरी आधीची. टेलिफोन एक्सचेंजमधल्या पाव इंची पिनेचं हे धाकटं भावंड ट्रान्झिस्टर रेडिओबरोबर घरांत आलं आणि १९७९ नंतर वॉकमनने ते जगभर पोचवलं. मोबाइल कंपन्यांनी मात्र बरीच वर्षं ते टाळलं. फोन छोटा ठेवायचा म्हणून काहींनी २.५ मिमीची बारीक पिन घेतली, तर काहींनी चार्जरशेजारी स्वतःचंच रुंद, चपटं तोंड बसवलं. एका कंपनीचा हेडसेट दुसऱ्या कंपनीच्या फोनला लागायचा नाही, आणि कधी कधी त्याच कंपनीच्या पुढच्या मॉडेललाही नाही. फोन बदलला की हेडसेट ड्रॉवरमध्ये. त्या काळात तीन-चार फोन वापरलेल्या प्रत्येकाच्या घरी असा एक ड्रॉवर असतो.

पुढे सगळे ३.५ मिमीवर आले, तेव्हा प्रश्न सुटायला हवा होता. तो तिथेच चिघळला.

पिन जवळून पाहिली तर कळतं. नुसतं ऐकण्याच्या जुन्या पिनेवर दोन काळ्या रेघा, म्हणजे धातूचे तीन भाग : टोकाला डावा कान, मग उजवा, आणि मुळाशी अर्थिंग, म्हणजे दोन्ही कानांच्या आवाजाचा परतीचा रस्ता. माइकसाठी चौथा भाग हवा होता, म्हणून तिसरी रेघ आली. डाव्या-उजव्यावरून भांडण नव्हतंच. उरलेल्या दोन भागांपैकी माइक कुठे आणि अर्थिंग कुठे, यावरून दोन पंथ पडले. मोबाइल सेवा देणाऱ्या कंपन्यांनी २००४ मध्ये उभारलेल्या एका मंचाने अर्थिंग मुळाशीच ठेवलं आणि माइक त्याच्या अलीकडच्या कडीवर, म्हणजे दोन रेघांमधल्या भागावर टाकला. अमेरिकेतल्या उद्योगसंघटनेच्या नावाने ओळखली जाणारी मांडणी नेमकी उलटी : अर्थिंग कडीवर, माइक मुळाशी. जुनी दोन रेघांची पिन दोन्हीकडे चालायची, कारण तिचं लांब मूळ दोन्ही जागा व्यापायचं. तीन रेघांच्या नव्या पिना मात्र दिसायला जुळ्या आणि स्वभावाने उलट. खोक्यावरही सहसा कुठली मांडणी आहे ते छापलेलं नसे.

चुकीची जोडी जमली की मजा व्हायची. गाणं सुरू, पण गायक गायब! वाद्यं तेवढी विहिरीच्या तळातून आल्यासारखी ऐकू यायची. आवाजाला परतीचा रस्ता मिळाला नाही की डाव्या आणि उजव्या कानातलं जे सारखं असतं ते एकमेकांना काटून टाकतं, आणि गायकाचा आवाज तर दोन्ही कानांत सारखाच टाकलेला असतो. उपायही वायरीवरच होता. फोन उचलायचं बटण अंगठ्याने दाबून धरलं की गाणं स्वच्छ, सोडलं की पुन्हा विहीर. ते बटण माइक आणि अर्थिंग एकत्र जोडून टाकतं, एवढंच त्यामागचं शास्त्र. मी ठाण्याहून नाशिकला जाताना कसारा घाट लागेपर्यंत असं बटण दाबून गाणी ऐकली आहेत. नंतर अंगठा दुखायला लागला.

यातलं काही गिऱ्हाइकाला सांगणारं कुणी नव्हतं. त्याच्या लेखी हेडसेट ‘डुप्लिकेट’ निघाला. चांगले ओरिजिनल हेडसेटही या दोन मांडण्यांपायी बदनाम झाले. शेवटी निकाल बाजाराने लावला. २००७ च्या पहिल्या आयफोनने अमेरिकी मांडणी घेतली आणि हळूहळू बाकीचे मागे गेले. गंमत म्हणजे त्याच फोनच्या जॅकची, म्हणजे पिन जिथे शिरते त्या भोकाची, खोबण इतकी आत होती की जाड पिनांचे कितीतरी हेडफोन तिच्यात शिरतच नव्हते.

ब्लूटूथचं काम स्वीडनमधल्या लुंड शहरात १९९४ मध्ये सुरू झालं आणि पहिली आवृत्ती १९९९ मध्ये आली. हेडसेटपुरतं बोलायचं तर सुरुवातीला ते बोलण्यासाठीच होतं. दोन्ही कानांत स्टिरिओ संगीत पाठवायची रीत २००३ मध्ये ठरली. तोवर ‘ब्लूटूथवाला’ म्हणजे एका कानावर निळा दिवा लुकलुकत ठेवून स्वतःशीच मोठमोठ्याने बोलणारा माणूस. बोलणं आणि ऐकणं यांच्या तेव्हा ज्या दोन वाटा पडल्या, त्या अजून पुरत्या एक झालेल्या नाहीत. गाण्याला झकास वाटणारे बड्स फोन आला की डब्यातून बोलल्यासारखे होतात, ते यामुळेच. माइक सुरू होताच जोडणी बोलण्याच्या वाटेवर येते, आणि त्या वाटेवर मूळ सोय आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेण्याचीच होती. २०११ मध्ये ते १६,००० झाले. सीडीवर ते ४४,१०० असतात. नमुने जितके कमी, तितका आवाज बोथट. ज्या आयफोनने पुढे जॅक काढला, त्याला पहिली दोन वर्षं ब्लूटूथवर स्टिरिओ गाणं वाजवता येत नव्हतं, हेही लक्षात ठेवण्यासारखं आहे.

जॅक काढणारा तो पहिला नव्हता. एका चिनी कंपनीने २०१२ मध्येच एका अतिशय पातळ फोनसाठी तसं केलं होतं. पण गाजलं ते आयफोनचं, सप्टेंबर २०१६ मधलं. व्यासपीठावरच्या ॲपलच्या अधिकाऱ्याने या निर्णयाला ‘हिंमत’ म्हटलं आणि त्याची टिंगल झाली. आत जागा हवी, फोन पाण्याला टिकायला हवा, पुढचा काळ बिनवायरीचा, अशी कारणं पुढे आली. पाण्याचं कारण लंगडं होतं, कारण त्याच वर्षी आलेला सॅमसंगचा गॅलेक्सी एस ७ जॅक ठेवूनही पाण्यात टिकत होता. डिसेंबरात ॲपलचेच बिनवायरीचे बड्स विक्रीला आले. हा योगायोग मानायला बरंच भाबडं असावं लागतं. ज्यांनी जाहिरातींतून चिमटे काढले, त्यांनीही वर्ष-दोन वर्षांत आपापले जॅक गुपचूप बुजवले.

२०२० मध्ये आयफोन १२ च्या खोक्यातून हेडसेटही गेला, फ्रान्सचा अपवाद सोडून. मोबाइल लहरींपासून मुलांचं डोकं दूर राहावं म्हणून तिथल्या २०१० च्या कायद्याने फोनबरोबर हेडसेट देणं सक्तीचं होतं. ती सक्ती २०२२ च्या सुरुवातीला उठली.

आपल्याकडे स्वस्त फोनांवर जॅक अजून आहे. बिनवायरीचा माल आधी गळ्यातल्या नेकबँडच्या रूपाने खपला. हेल्मेट घालून दिवसभर फिरणाऱ्याला ते सोयीचंही आहे. काही कामांत मात्र वायरच लागते. ब्लूटूथवर आवाज दीड-दोनशे मिलिसेकंद उशिरा पोचतो. ट्रॅक कानात घेऊन कराओके रेकॉर्ड केलं की गाणारा तालाच्या मागे पडलेला ऐकू येतो. फोनवरच्या एफएमला तर वायर हाच अँटेना. केंद्र सरकारने २०२३ मध्ये आपत्तीच्या वेळी उपयोगी पडावं म्हणून फोनमधलं एफएम चालू ठेवा अशी सूचना कंपन्यांना केली, तेव्हा जॅक नसलेल्या फोनचं काय, हा प्रश्न उरलाच.

पिनेचं दुखणं आता फोनच्या टाइप-सी चार्जिंगच्या तोंडात आहे. काही फोन त्या तोंडातून ॲनालॉग आवाज सरळ बाहेर देतात, त्यांना वायरचा हेडसेट जोडायला साधा कन्व्हर्टर पुरतो. काही फक्त डिजिटल देतात, त्यांना आत चिप असलेला लागतो. दोन्ही कन्व्हर्टर बोटभर लांब आणि दिसायला सारखेच. माझ्या फोनला कुठला लागेल असं विचारलं की दुकानदार तुमच्या हातातला फोन मागून घेतो आणि म्हणतो, थांबा, लावून बघू.