नेपाळात व्हॉलंटिअरिंग: शाळा वेगळी, अनाथाश्रम वेगळा

पोखऱ्याला चार मित्रमैत्रिणींनी मिळून जायचं, दिवसा शाळेत मुलांना शिकवायचं आणि उरलेल्या वेळात भटकायचं, असा प्लॅन हल्ली बऱ्याच जणांचा असतो आणि छानच आहे. पण त्यात हमखास एक वाक्य येतं, "शाळा नाही मिळाली तर अनाथाश्रम बघू, शेवटी मुलंच ना, उलट त्यांना गरज जास्त." हे वाक्य ऐकून ऐकून वैताग आलाय, म्हणून एकदाच सविस्तर लिहितेय.

शाळेबद्दल फार सांगत नाही. तिथली सामुदायिक शाळा म्हणजे आपली जिल्हा परिषदेची शाळा समजा, साधारण दहा ते चार, शनिवारी सुट्टी, दहावीला एसईई नावाची बोर्डाची परीक्षा. फळ्यावरचं नेपाळी देवनागरीत असतं त्यामुळे आपल्याला निदान वाचता तरी येतं. बास.

आता खरा घोळ. अनाथाश्रमातली, म्हणजे बालगृहातली मुलंसुद्धा दिवसा शाळेतच जातात हो! मग तुम्ही तिथे शिकवणार कधी? सकाळी, संध्याकाळी, शनिवारी. म्हणजे मूल जेवतं, झोपतं, रुसतं, अंघोळ करतं त्या वेळात तुम्ही त्याच्या घरात शिरणार, आणि दोन आठवड्यांनी निघून जाणार, मग पुढचा ग्रुप येणार. शाळेत पाहुणा आला काय आणि गेला काय, चार वाजले की पोरगं दप्तर उचलून आईकडे पळतं. बालगृहात ते पळून जाणार कुठे?

आणि तिथे पाच मिनिटांत मूल येऊन मांडीवर बसतं, हात सोडत नाही, लगेच फोटो टाकले जातात "किती प्रेमळ मुलं" म्हणून. मला या फोटोंचा मनापासून राग येतो. ज्याच्या घरात आई आहे ते मूल अनोळखी माणसाला आधी दाराआडून बघतं. शाळेत पण बघा, पहिल्या दिवशी मुलं बाकाखाली तोंड लपवून खुसूखुसू हसतात, नाव विचारायला दोन दिवस घेतात, आणि ते अगदी बरोबर आहे. कुणाच्याही गळ्यात पडणं हे माणसं सारखी येऊन सोडून गेल्याचं लक्षण असू शकतं.

त्यात "अनाथ" तरी किती? युनिसेफच्या म्हणण्याप्रमाणे नेपाळच्या बालगृहांतल्या साधारण ८५ टक्के मुलांचे आई किंवा वडील, निदान एकजण तरी जिवंत आहे. १९९६ ते २००६ च्या माओवादी युद्धाच्या काळात हुमल्यासारख्या दूरच्या जिल्ह्यांतून दलाल मुलं काठमांडूला आणायचे, शाळेत घालतो सांगून आईबापांकडूनच पैसे घ्यायचे आणि कागदोपत्री मूल अनाथ करून टाकायचे. युद्ध संपलं तरी हे थांबलं नाही, कारण परदेशी पाहुणे आणि त्यांच्या देणग्या येत राहिल्या. बालगृहं कुठे दाटलीयत ते नकाशावर बघा, काठमांडू, ललितपूर, भक्तपूर, चितवन आणि पोखऱ्याचा कास्की जिल्हा. सगळी टुरिस्टांची ठिकाणं, आणि मुलं मात्र डोंगरापलीकडच्या गावांतली. २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेसुद्धा अनाथाश्रमांतल्या अशा व्हॉलंटिअरिंगबद्दल ठरावात चिंता व्यक्त केलीय.

"आपल्या आश्रमशाळेसारखंच ना पण?" नाही. आश्रमशाळेत आईबापांचं नाव रजिस्टरला असतं, दिवाळीला आणि मे महिन्यात मूल घरी जातं, त्याला अनाथ म्हणून कुणी पाहुण्यांसमोर नाचवत नाही.

व्हॉलंटिअरिंगसाठी तुम्ही बालगृहाला दिलेल्या फीमुळे ते मूल तिथे अडकून राहतं, कारण मूल घरी गेलं तर पाहुणे कुणाला बघायला येणार? म्हणून "गरज जास्त कुणाला" हा हिशोब इथे लागू होत नाही. मदतच करायची तर मुलांना परत घरी पोचवणाऱ्या, गावातल्या शाळेला हातभार लावणाऱ्या संस्थेला पैसे द्या.

शाळेत गेलात तरी वर्ग ताब्यात घेऊ नका प्लीज. शिक्षक वर्गात असू देत, तुम्ही वाचून दाखवा, इंग्रजीत गप्पा मारा, वाचनालयातली पुस्तकं लावा. आणि तुमची कसलीच चौकशी न करता "उद्यापासून या" म्हणणारी जागा मला शाळा असली तरी नको वाटते, पोलीस व्हेरिफिकेशन मागणारी बरी.

व्हिसाचं थोडक्यात: भारतीय पासपोर्टला नेपाळचा व्हिसाच लागत नाही. पण ग्रुपमध्ये अमेरिकन पासपोर्टवाला मित्र असेल तर त्याला टुरिस्ट व्हिसावर बिनपगारी कामसुद्धा चालत नाही, त्याने शाळेतर्फे रीतसर विचारून घ्यावं.

फिरायला शनिवार आहेच, पहाटे सारंगकोट, दुपारी फेवा तलाव. डोंगरातल्या घांद्रुक गावाला जायचं तर शाळेचं सगळं संपल्यावर सलग दिवस काढा, मधेच दांड्या मारू नका. आणि दिवाळीच्या सुट्टीत शाळेसाठी जाऊच नका, दशैं-तिहारमुळे (म्हणजे तिथला दसरा-दिवाळी) तिथल्या शाळा साधारण तेव्हाच बंद असतात. मे महिना धरा, तिथलं नवं वर्ष वैशाखात सुरू होतं म्हणजे वर्ग भरलेले असतात, फक्त ढगांमुळे डोंगर रोज दिसतीलच असं नाही.