कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजात प्रीमेडचे विषय: अर्ज कुठे अडतो

भारतात बी.एस्सी. किंवा बी.फार्म. करून एच-४ व्हिसावर (एच-१बीवर काम करणाऱ्याच्या जोडीदाराला मिळणारा) कॅलिफोर्नियात आलेल्या अनेकींना मेडिकलची तयारी, म्हणजे प्रवेशाआधी लागणारे प्रीमेडचे विषय, कम्युनिटी कॉलेजातून (दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजातून) सुरू करायची असते. एच-४वर शिकता येतं, त्यासाठी वेगळा एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) लागत नाही. प्रवेशाचा ऑनलाइन अर्ज मोफत आहे आणि सोपाही. पण फी भरण्याआधी एक गोष्ट वाचून घ्या: बहुतेक मेडिकल स्कूल ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व मागतात. कॉलेजच्या खिडकीवर हे कुणी सांगत नाही, आणि दोन-तीन वर्षं लॅब करून झाल्यावर कळलं तर फार लागतं.

फीचं बघा. राज्यातल्या रहिवाशाला युनिटमागे (युनिट म्हणजे विषयाचं क्रेडिट) ४६ डॉलर, बाहेरच्याला त्याच्या कितीतरी पट. रहिवासी ठरण्यासाठी सत्र सुरू होण्याच्या आदल्या दिवशी राज्यात वर्षाहून अधिक वास्तव्य झालेलं हवं. बऱ्याच जणी हे वर्ष अर्जाच्या तारखेपर्यंत मोजतात आणि विनाकारण एक सत्र थांबतात. त्याहून त्रासाचा भाग पुराव्यांचा. घरभाड्याचा करार, वीजबिल, सगळं नवऱ्याच्या नावावर! म्हणून आल्याआल्या करारात आपलं नाव घाला, राज्याचं ड्रायव्हिंग लायसन्स काढा, राज्याचा टॅक्स रिटर्न जपून ठेवा.

पुढची अडचण केमिस्ट्रीची. भारतात केलेला आधीचा विषय कॉलेजच्या नोंदीत नसतो, म्हणून पूर्वअट पूर्ण दिसत नाही आणि सिस्टम नोंदणीच करू देत नाही. नुसत्या मार्कशीटवर सहसा भागत नाही, मान्यताप्राप्त संस्थेकडून भारतातल्या शिक्षणाचं मूल्यांकन लागतं, आणि तेही विषयवार. फक्त पदवीची समकक्षता सांगणारा स्वस्त अहवाल घेतलात तर पैसे वाया जातील. भारतातल्या विद्यापीठाकडून ट्रान्सक्रिप्ट (विषय आणि गुणांची अधिकृत नोंद) यायला वेळ लागतो, तेव्हा भारतवारीतच अर्ज टाकून या. नव्या विद्यार्थ्यांना नोंदणी उशिरा उघडते, लॅबच्या जागा तोवर भरतात. वेटलिस्टवर असाल तरी पहिल्या तासाला हजर राहाच.

बायोकेमिस्ट्री इथे सहसा मिळत नाही, ती चार वर्षांच्या कॉलेजात करावी लागते.

विषय झेपत नसेल तर सोडण्याच्या तारखा दोन असतात. पहिलीच्या आत सोडला तर नोंद राहत नाही, त्यानंतर दुसरीपर्यंत सोडला तर ट्रान्सक्रिप्टवर ‘डब्ल्यू’ (विषय सोडल्याची खूण) येतो. एमडीच्या (इथे ही डॉक्टरकीची पहिलीच पदवी) अर्जाला, म्हणजे एएमकॅस या सामायिक अर्ज-सेवेला, अमेरिकेतल्या प्रत्येक कॉलेजची ट्रान्सक्रिप्ट द्यावी लागते, तिथे एकच विषय घेऊन सोडला असला तरीही. विषय पुन्हा दिलात तर दोन्ही वेळचे ग्रेड सरासरीत धरले जातात.