हॅकेज
हॅकेज हे हॅस्केल या फंक्शनल, म्हणजे फंक्शन्स एकमेकांना जोडून प्रोग्राम रचण्याच्या, संगणकीय भाषेत लिहिणाऱ्यांचे सामायिक कोठार आहे. एकाने लिहिलेली लायब्ररी, म्हणजे पुन्हा वापरता येणाऱ्या तयार कोडचा संच, इथे जमा होते आणि जगात कुठेही बसलेला दुसरा हॅस्केलकर ती एका आज्ञेत आपल्या कामात ओढून घेतो. २००७ पासून हे कोठार चालू आहे.

मुळात हॅस्केलचा जन्मच वाटून घेण्याच्या गरजेतून झाला. १९८० च्या दशकात एकमेकींशी पुष्कळ साम्य असलेल्या डझनभराहून अधिक शुद्ध फंक्शनल भाषा होत्या आणि प्रत्येकीचे घर वेगळे होते. १९८७ मध्ये अमेरिकेतील पोर्टलंड येथील परिषदेत जमलेल्या संशोधकांनी सर्वांची मिळून एक भाषा करायचे ठरवले. तिचा पहिला अहवाल १ एप्रिल १९९० रोजी आला. नाव तर्कशास्त्रज्ञ हॅस्केल करी यांचे. याच कुळातली गोफर ही छोटी भाषा मार्क जोन्स यांनी खुली केली आणि तिच्यात फेरफार करून पुणे विद्यापीठात शिकवण्यासाठी ‘पुगोफर’ तयार झाली.

भाषा एक झाली, तरी लायब्ऱ्या बराच काळ विखुरलेल्याच होत्या. काही कंपायलरसोबत (कोडचे चालणाऱ्या प्रोग्राममध्ये रूपांतर करणाऱ्या साधनासोबत) येत, काही एखाद्या प्राध्यापकाच्या पानावर पडून असत आणि प्रत्येकीची बांधणी निराळी असे. कबाल या साधनाने पॅकेजला, म्हणजे वाटण्यासाठी बांधलेल्या लायब्ररीच्या गाठोड्याला, ठरावीक साचा दिला: नाव, आवृत्ती, परवाना, आणि कोणत्या लायब्ऱ्यांच्या कोणत्या आवृत्त्या लागतात याची यादी. हा साचा हाती आल्यावरच कोठार उभारणे शक्य झाले. कोडमधल्या टिपणांवरून दस्तऐवज काढून देणारे हॅडॉक हे साधन त्याआधी, २००२ मध्ये, सायमन मार्लो यांनी केले होते. म्हणून हॅकेजवरील लायब्ररीच्या पानावर प्रत्येक फंक्शनसोबत त्याचा टाइप दिसतो.

हा टाइप नीट समजून घेतला पाहिजे, कारण हॅस्केलकरांची सगळी देवाणघेवाण त्यावर उभी आहे. फंक्शन काय घेते आणि काय देते हे टाइप सांगतो. फाइल उघडणे, नेटवर्कशी बोलणे असे बाह्य जगातले काम ते करणार असेल, तर तेही टाइपमध्ये उमटते. पळवाटा आहेत, पण त्यांपैकी बहुतेकींच्या नावातच ‘अनसेफ’ असते. अनोळखी माणसाचे फंक्शन घेताना त्याचा कोड वाचण्याआधी एवढी खात्री मिळणे ही मोठी गोष्ट आहे.

शोधही टाइपनेच घेता येतो. समजा शब्दांची यादी आहे आणि प्रत्येक दोन शब्दांमध्ये स्वल्पविराम घालून एकच ओळ करायची आहे. फंक्शनचे नाव ठाऊक नाही, पण हवे ते असे मांडता येते: [अ] → [[अ]] → [अ]. इथे [अ] म्हणजे कोणत्याही एका प्रकारच्या गोष्टींची यादी, आणि शब्द म्हणजे अक्षरांची यादीच. म्हणजे जोडणीचा तुकडा द्या, तुकड्यांची यादी द्या, एक सलग यादी मिळवा. हूगल या शोधसाधनाला एवढे दिले की ते ‘इंटरकॅलेट’ काढून देते. हे नाव नवख्याला सुचणे कठीणच. टाइपवरून फंक्शन शोधण्याचे शोधनिबंध १९८९ मध्येच आले होते. त्यांपैकी एकाचे सहलेखक यॉर्क विद्यापीठाचे कॉलिन रन्सिमन. त्यांचेच विद्यार्थी नील मिचेल यांनी २००४ मध्ये हूगल सुरू केले.

टाइपने सुटले नाही ते आवृत्त्यांचे दुखणे. एका पॅकेजला एखादी लायब्ररी जुनी हवी, दुसऱ्याला तीच नवी. पूर्वी सगळे एकाच ठिकाणी बसवले जाई, त्यामुळे नवे बसवताना जुने मोडे. वैतागलेल्या लोकांनी याला ‘कबाल हेल’ म्हटले. त्यावर एक शिस्त ठरलेली आहे: आवृत्तीच्या क्रमांकातले पहिले दोन आकडे मिळून मोठा बदल दाखवतात. फंक्शन काढले किंवा त्याचा टाइप बदलला तर त्यांपैकी एक वाढवायचा, नुसती भर घातली तर तिसरा. शिस्त चांगली आहे, पण ती पाळण्याचा भार प्रत्येक लेखकाच्या फावल्या वेळावर पडतो. स्टॅकेज या संचाने दुसरी वाट धरली: एकत्र कंपाइल होतात तेवढीच पॅकेजेस ठरावीक आवृत्त्यांसह एका संचात बांधायची. २०१५ मध्ये त्यावर बेतलेले स्टॅक हे साधन आले. स्टॅकवाले आणि कबालवाले यांच्यात काही वर्षे कटू वाद झाले. पुढे कबालनेही आवृत्त्या वेगवेगळ्या जपून ठेवायला सुरुवात केली आणि मूळ दुखणे बरेच ओसरले.

कोठाराची राखणही माणसेच करतात. नव्या लेखकाला पॅकेज चढवण्याआधी परवानगी मिळवावी लागते. एकदा चढवलेली आवृत्ती लेखकाला स्वतःहून पुसता येत नाही, फार तर ‘वापरू नका’ असा शिक्का मारता येतो. ही सक्ती योग्यच आहे. २०१६ मध्ये जावास्क्रिप्ट या दुसऱ्या संगणकीय भाषेच्या जगात ‘लेफ्ट-पॅड’ हे ११ ओळींचे पॅकेज लेखकाने काढून घेतले आणि त्यावर विसंबलेले असंख्य प्रकल्प बांधले जाईनात. हॅकेजवर लेखकाने पॅकेज सोडून दिले, तर दुसऱ्याला ते दत्तक घेता येते. त्याने आधी मूळ लेखकाला विचारायचे, मग आपला मनोदय जाहीर करायचा, काही आठवडे थांबायचे. उत्तर आले नाही तरच सूत्रे हाती येतात. विश्वस्त म्हणवणारे स्वयंसेवक दरम्यान आवृत्त्यांच्या मर्यादा दुरुस्त करून पॅकेज चालते ठेवतात.

मदतीची रीतही या भाषेच्या स्वभावाला धरून आहे. हॅस्केलच्या जुन्या गप्पाकक्षात लॅम्डाबॉट नावाचा यांत्रिक सोबती असतो. नवख्याने प्रश्न टाकला की कोणी जाणकार लॅम्डाबॉटला टाइप विचारतो, तिथेच एक ओळ चालवून दाखवतो, नवखा तीच ओळ बदलून पुन्हा चालवतो. अनोळखी माणसाने चारचौघांत लिहिलेली ओळ हा सोबती बेधडक चालवू शकतो. त्याला वेळेची मर्यादा घातलेली असते हे एक कारण, आणि फायलींना हात लावणारी ओळ टाइपवरूनच ओळखू येते हे दुसरे.